खुंट्या कोणी हलवल्या?

जेसीबी आला, आणि त्याला कुठं खोदायचं हे घरातल्या एकालाही सांगता येईना.

तो बांधावरून डुलत डुलत आला, कांद्याच्या वाफ्यांपाशी थांबला. चालवणाऱ्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "मालक, कुठनं सुरुवात करू?" दादा हा या घरातला थोरला. शेतातलं ढेकूळ न् ढेकूळ ओळखणारा माणूस. तो म्हणाला, "जरा थांबा." या घरात कुणालाही काहीही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळतं.

थांबण्याचं कारण समोरच होतं. मामा चार खुंट्यांना दोरी बांधून मधोमध उभे होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर टरारली होती. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. धंद्यानं गवंडी, स्वभावानं तोफ. धाकट्या भाच्याचं घर मीच बांधणार, असं त्यांनी कुणी विचारायच्या आतच जाहीर केलं होतं.

"हा चौकोन आहे?" मामा ओरडले. "अरे, ही बाजू लांबतेय लांबतेय ती थेट मुरमात गेली, ही बाजू आखडली, आणि ही खुंटी कांद्यात काय करतेय? असल्या घरात राहायला माणसं नाही, खेकडे आणावे लागतील. तिरके चालणारे!"

जेसीबीवाला हसला. दादाला हसू आलं नाही. खुंट्या वेड्यावाकड्या झाल्यात हे त्याला ठाऊक होतं. दोन तर त्यानं स्वतःच हलवल्या होत्या. पण हे मामांना सांगायचं कसं? सांगायचं नाही, हाच तर नियम.

नियम जुना होता. दादाच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, सख्ख्या भावाशी अबोला धरला होता तेव्हाचा. विहीर कुठं पाडायची हे बोलून ठरवायची सोय उरली नव्हती, म्हणून आबांनी शेतात एक खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी ती सरकलेली दिसली. आबांनी ती परत सरकवली, भावानं पुन्हा. असं होता होता एक दिवस खुंटी होती तिथंच राहिली, आणि तिथं विहीर झाली. पुढं अबोला मिटला, दोघं भाऊही गेले, पण पद्धत राहिली. जागा पटली नाही तर गुपचूप खुंटी हलवायची. कोणी हलवली, का हलवली, हे विचारायचं नाही. आठवडाभर खुंटी जागची हलली नाही की सगळ्यांना मान्य. ना तंटा, ना आरडाओरडा. बाहेरच्यांना याचं केवढं कौतुक! घरातल्यांनाही होतं, कालपर्यंत.

या वेळी मात्र आठवडा उलटला, दुसरा उलटला, तरी खुंट्या काही स्वस्थ बसेनात. धाकट्यानं त्या ठोकल्या होत्या पार लांब, मुरमाच्या चढाला लागून. दादाला बरं वाटलं होतं. चांगली माती वाचत होती. मग पुढच्या दोन खुंट्या रोज संध्याकाळी घराकडं, पाण्याच्या पंपाकडं सरकायला लागल्या, आणि दादा सावध झाला. त्याचा भाऊ असा नव्हता. पण बायको आली, घराचा विषय आला, की माणसाचं काय सांगावं? पंपाजवळ घर म्हणजे उद्या पंपावर हक्क. म्हणून दादानं मागच्या दोन खुंट्या आणखी मुरमात रेटल्या. म्हणजे धाकट्यानं समजावं, की बाबा, मागं हो.

धाकटा समजला. फक्त भलतंच समजला.

"मला काय विचारताय, मामा?" तो शेजारून म्हणाला. तो दादाकडं बघतच नव्हता. "दादाला विचारा. मी शेवटाला जागा मागितली होती, तीसुद्धा जास्त झाली असेल. आता मला दगडावर ढकलायचं चाललंय."

"दगडावर?" दादा म्हणाला. "आणि पंपाकडं कोण सरकतंय?"

"मी सरकतोय? मी ठोकल्यापासून खुंट्यांना हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय पाय फुटले त्यांना?"

मामांनी दोन्ही हात वर केले. "थांबा! सरळ विचारतो. खुंट्या कोणी हलवल्या?"

आबांच्या काळापासून या शेतात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मामा आईच्या माहेरचे. त्यांना नियम लागू नव्हता, आणि असता तरी त्यांनी पाळला नसता.

*

आई उलट्या क्रेटवर बसून कांद्याच्या पाती निवडत होती. निदान तसं दिसत होतं. भावानं तोंड उघडलं तसा तिचा हात थांबला.

दोन्ही मुलं कधी अशी समोरासमोर उभी राहिली नव्हती. नवरा गेल्यावर तिनं एकच गोष्ट जपली होती, घरात आवाज चढू द्यायचा नाही. त्यासाठी तिनं काय काय गिळलं होतं ते तिचं तिला ठाऊक. आणि आता यंत्र दारात घरघरत असताना, एका परक्या माणसासमोर, तिची मुलं पंपावरून भांडत होती. तिला काही कळेना. पंपाचा विषय आला कुठून? तिला तर वेगळीच काळजी होती.

"मागची एक खुंटी मी सरकवली," ती म्हणाली.

सगळे वळले. मामांच्या हातातली दोरीच सुटली. "अक्का, तू?"

"डावीकडची. बाजूला घेतली थोडी."

"आई, कशासाठी?" दादा म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. डावीकडची खुंटी त्यानंही हलवली होती. एकाच खुंटीवर दोघांचे हात पडले होते, आणि ती धाकट्यानंच हलवली असं दोघांनाही वाटलं होतं.

आईनं आवाज उतरवला. "नव्या घराचं दार आपल्या मागच्या दारासमोर येत होतं. दोघी सुना उठल्यासुटल्या एकमेकींच्या तोंडावर. खटके उडणारच की. जरा तोंड फिरवलं दाराचं, तर दोघींना बरं."

"खटके?" धाकटा म्हणाला. "दोघींचं बिनसलंय?"

"मला काय माहीत? पण मी आंधळी नाही. थोरली पंधरा दिवस धाकटीशी धड बोलत नाही. हिनं चहा ठेवला तर म्हणते, मला नको. मुलींच्या वेण्या घालायला हिच्याकडं पाठवायची, ते बंद केलं. घर वेगळं होतंय म्हणून सुटल्यासारखं झालं असेल, दुसरं काय."

दादाला वाटलं, खरंच? त्याची बायको धड बोलत नाही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ती तशी कधी फार बोलायचीच नाही.

तेवढ्यात धाकटी सून थर्मास आणि कप घेऊन वाफ्यांच्या कडेनं आली. शाळेत शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, सासूसुद्धा. आजच्यासाठी तिनं रजा काढली होती. दोरीकडं पाहून ती थबकली, आणि कप क्रेटवर ठेवत सहज म्हणाली,

"आजही पाडली का हो कालवडीनं?"

मामांनी मान वळवून गोठ्याकडं पाहिलं.

"ही वाटेकडची खुंटी," ती म्हणाली. "रोज उपटते मेली आणि घराकडं कुठंतरी टाकते. मी शाळेला निघाले की पहिल्यांदा हिला जुन्या भोकात बसवते. म्हटलं, मामा येतील तेव्हा घोळ नको."

"रोज?" आईनं विचारलं.

"रोज. कांद्यातली मला वाटेवरून दिसत नाही, नाहीतर तीही लावली असती. का? काय झालं?"

"कालवड तर दावणीला असते," दादा म्हणाला.

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "तुला माहीत नाही? खुंट्यांचं?"

"खुंट्यांचं काय?"

"मला वाटलं वहिनीनं सांगितलं असेल."

आई दादाकडं बघायला लागली, दादा आईकडं. मास्तरीण लग्न होऊन आल्यापासून शेतात नवं काही बांधलंच नव्हतं. खुंटी ठोकायची वेळ आली नाही, आणि कुणी तिला सांगितलं नाही. अशा गोष्टी घरात आलेल्याला आपोआप कळतात, असं सगळे धरून चालले होते.

"मग उपटत कोण होतं?" मामा म्हणाले. "कालवड नाही, हा नाही, तो नाही, अक्का मागच्या बाजूला. उरलं कोण?"

*

थोरली मागच्या दारात उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, कारण मामांचा आवाज पार डांबरी रस्त्यावर जातो, आणि बाकीच्यांचं बोलणं वारा घराकडं आणत होता.

तिनं दाराची चौकट धरली. जुन्या भोकात. वाटेवरून दिसत नाही. हे तिनं मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

या घरात आल्यावर पहिली काही वर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं. वाईट वागवलं असं मुळीच नाही. जेवलीस का विचारायचे, बरं वाटतंय का विचारायचे. पण कुठलीही गोष्ट कशी करावी, हे विचारत नसत. मग गोठा बांधायचा ठरलं. खुंट्या पडल्या, आणि एका संध्याकाळी तिनं धीर करून एक खुंटी विहिरीकडं घेतली, म्हणजे पाणी ओढायला लांब पडणार नाही. रात्रभर तिला झोप लागली नाही. पण खुंटी कुणी परत नेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. गोठा तिथंच झाला. कुणी हलवली हे कुणी विचारलं नाही, म्हणून तिनंही कधी सांगितलं नाही. पण गोठ्यात शिरताना तिला दरवेळी वाटायचं, हे माझं ऐकलं.

म्हणून या वेळीही ती तोंडानं काही बोलली नाही. दिवस कलला की जायची आणि पुढच्या खुंट्या थोड्या घराकडं आणायची. सकाळी दारातून पाहावं तर मास्तरीण वाटेकडची पुन्हा लांब, अगदी पहिल्या भोकात बसवत असायची. कांद्यातली मात्र तिनं ठेवली तिथंच. एक खुंटी हो म्हणायची, एक नाही. तिनं अर्थ लावला, धाकट्या दिराला चालतंय, हिला चालत नाही. हिला माझ्यापासून लांबच जायचंय. तिनं पुन्हा आणायची, हिनं पुन्हा न्यायची. रोज संध्याकाळी विचारायचं, रोज सकाळी नकार घ्यायचा. आणि त्याच सकाळी ही बया हसत हसत, "ताई, चहा ठेवू?" म्हणायची! एवढा कोडगेपणा? थोरलीनं तो चहा घेणंच सोडलं.

नऊ वर्षं दोघींनी एका ओट्यावर काढली होती. मास्तरीण शाळेतल्या गमती सांगायची आणि थोरलीला पोट धरून हसवायची. ते हसू ही या घरात थोरलीच्या एकटीच्या मालकीची वस्तू होती. बाकी सगळं वाटणीचं.

ती पायात चपला न घालताच बाहेर आली.

"मी हलवत होते," ती म्हणाली. "पुढच्या दोन्ही."

"तू?" दादा चकित झाला. "पण पंपाजवळ घर आलं तर आपल्याला..."

"पंप गेला खड्ड्यात!"

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की थोरली स्वतःच्याच आवाजाला दचकली.

"वहिनी," धाकटा चाचरत म्हणाला, "मी लांब ठोकल्या त्या तुमच्याचसाठी. म्हटलं, इतकी वर्षं आमचं सगळं तुम्ही काढलं. मुलांचा कालवा, पाहुणेरावळे. तुम्हाला जरा मोकळं वाटेल."

"मला विचारलंत?"

धाकटा खुंटीकडं बघायला लागला.

"तुम्ही विचारलंत?" ती नवऱ्याकडं वळली. मग सासूकडं. "आई, आमचे खटके उडतात म्हणे. कधी उडाले?"

"अगं, मला वाटलं..." आई म्हणाली.

"सगळ्यांना वाटतंच असतं इथं," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. "एकीला वाटतं कालवड आहे. मीच ती कालवड!"

मामा हसले, मग कुणीच हसत नाही हे पाहून खोकले. "हे बघा," ते एकदम थोरलीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, "पोरीचं बरोबर आहे. घर जवळ घ्या. मी म्हणतच होतो."

"तुम्ही मघाशी म्हणालात, कांद्यात खुंटी काय करतेय?" दादा म्हणाला.

"मघाशी मला कुठं काय माहीत होतं?"

"जवळ म्हणजे माझे वाफे जातील, मामा. सगळ्यात चांगली माती आहे ती."

"तुला माती दिसतेय," आई अचानक थोरल्या मुलावर उखडली. "बायको दिसत नाहीय."

मघापर्यंत आई दोघी सुनांना एकमेकींपासून लांब ठेवायला बघत होती. आता ती थोरलीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. धाकटा दादाच्या शेजारी सरकला, बहुधा वाफ्यांच्या काळजीनं. कोण कुणाच्या बाजूनं आहे, हे आता मामांनाही मोजता येत नव्हतं, आणि मामांचा धंदाच मोजण्याचा.

*

मास्तरीण थर्मास छातीशी धरून उभी होती. चहा ओतायचा राहिलाच होता.

तिला एकेक सकाळ आठवत होती. तिनं खुंटी ओल्या मातीत दाबून बसवायची, टाचेनं घट्ट करायची, हात झटकायचे आणि गाडी चुकू नये म्हणून पळायचं. केवढं समाधान वाटायचं तिला, आपण घराचं एक काम रोज नीट करतो म्हणून. आणि दारात उभ्या राहून ताई ते बघत असतील.

"ताई," ती म्हणाली, "मला लांब नको होतं. मला कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुमचं भावाभावांचं ठरलंय."

थोरलीनं मान हलवली. तिच्याकडं बघितलं नाही. "मग बांधताय कशाला?" ती हळू म्हणाली. "आहे ते घर पुरत नाही का?"

सगळे मास्तरणीकडं बघायला लागले. हो म्हणायची हीच वेळ होती. नाही पुरत असं काही नाही, राहू इथंच, असं म्हणाली असती तर सगळ्यांनी सुस्कारा सोडला असता. जेसीबी परत गेला असता. आणि ती पुढची वीस वर्षं पलंगाच्या कडेवर बसून, मांडीवर उशी घेऊन, उत्तरपत्रिका तपासत राहिली असती. मुलं झोपली म्हणून दिवा झाकायचा, सासूबाई उठल्या म्हणून पसारा आवरायचा. तिला एक टेबल हवं होतं. ते ठेवायला एक खोली, आणि तिला आतून लावता येईल असं दार. एवढंच हवं होतं, पण ते तिला फार हवं होतं.

"पुरतं," ती म्हणाली. "पण मला माझं हवंय, ताई. तुमचं नको झालंय म्हणून नाही. तुमच्यापासून जायचंय असं तर नाहीच नाही. पण हवंय."

थोरलीचा चेहरा पडला. इतका सरळ नकार तिला या घरात कुणी दिला नव्हता. आणि इतकं सरळ उत्तरही.

"मग आता?" जेसीबीवाल्यानं वरून विचारलं. "मी चहा पिऊन येऊ का?"

"जरा थांबा," दादा आणि धाकटा एकदम म्हणाले.

मास्तरणीनं थर्मास आईच्या हातात दिला, वाटेकडची खुंटी उपटली आणि हातोडा उचलला. "ताई, तुम्ही ओट्यापाशी जा. खिडकी उघडा आणि नेहमी बोलता तशा बोला. ओरडायचं नाही. मी इथून येत राहते. जिथं तुमचं बोलणं कळेल तिथं खुंटी."

"असं कुठं बांधकाम असतं होय?" मामा म्हणाले.

"तुमची दोरी नंतर लावा. काटकोन, बिटकोन सगळं तुमचं. आधी आमचं होऊ दे."

थोरलीनं तिच्या हातातल्या खुंटीकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसत घरात गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. तिच्यामागं आतला अंधार होता, तिचे ओठ हलताना दिसले.

"नाही येत!" मास्तरीण ओरडली आणि चालायला लागली.

मागं मामा धाकट्याला सांगत होते की पाया किती खोल घ्यावा लागेल, आणि दादा वाफ्यांकडं बघत मनातल्या मनात कांदे हलवत होता. ती कांद्याच्या कडेला पोचली. खिडकीतून काहीतरी आलं, साखर की शाळा, नुसता आवाज. "अजून नाही!" आणखी थोडं पुढं. आता ताईंचा चेहरा नीट दिसत होता. त्यांनी गज धरले होते. त्यांनी एकदा पुरुषांकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि रोज ओट्यापाशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

"नको ना बांधूस, गं. मला करमायचं नाही."

शब्द न् शब्द कळला. कुठं अडकला नाही, कुठं वाऱ्यानं उडाला नाही. मास्तरणीच्या हातातली खुंटी जड झाली. इथंच ठोकायची, तिनंच तर ठरवलं होतं.

"नाही आलं ऐकू, ताई!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि कांद्यात पाय टाकून खिडकीच्या दिशेनं आणखी पुढं निघाली.